कळलावी दारीं लावावी काय?

आपल्या मंडळाच्या या मासिकांत कपाशी, तूर, सोयाबीन व संत्रा यांजविषयीं दरमहा पुष्कळ उपयुक्त मजकूर येतो आणि आम्ही तो आवडीनें वाचतों. आजचा आमचा विषय मात्र असा आहे कीं, त्यापासून कोणाच्या पदरीं एक पैसाहि पडावयाचा नाहीं. उलट, यांत पैसा आहे असें ज्यांस कोणी सांगितलें असेल त्यांस सावध करण्याचाच आमचा हेतु आहे. तथापि ज्या धुऱ्यावर बसून आपण शिदोरी सोडतों त्या धुऱ्याचाच हा प्रश्न असल्यामुळें वाचकांनीं थोडा वेळ द्यावा अशी विनंति आहे.

गेल्या पोळ्याच्या सुमारास रोहणा येथील आमच्या घराच्या परसांत, तारेच्या कुंपणावर, कळलावीची वेल भर फुलली होती. वाटेनें जाणारे एक वयोवृद्ध गृहस्थ थबकले, त्यांनीं वेलीकडे पाहिलें, मग आमच्याकडे पाहिलें आणि म्हणाले, “काय बाबूजी, शिकले-सवरले तुम्ही, अन् घरी कळलावी लावली? भांडण लागते न घरात हिच्यानं!” आम्हीं त्यांस चहा दिला व विषय हंसण्यावारी नेला. परंतु त्यानंतर गांवांत चार ठिकाणीं हेंच बोलणें निघालें, आणि आमच्या नात्यांतील एका सुनेनें हौसेनें नेलेलें रोप तिच्या सासूनें उपटून उकिरड्यावर टाकलें असेंहि कानीं आलें. तेव्हां या वेलीची बाजू एकदां नीट मांडावी, व तिच्या विरुद्ध जें खरें आहे तेंहि लपवूं नये, असें मनांत आलें.

आमच्या वयाच्या शेतकऱ्यास कळलावीची ओळख करून देण्याची गरज नाहीं. परंतु तरुण वाचकांपैकीं कित्येकांनीं ती खरोखरच पाहिली नसेल, म्हणून वर्णन करतों. मृगाचा पाऊस जमिनींत मुरला म्हणजे कुंपणाच्या बुडाशीं एक गुळगुळीत हिरवा कोंब वर येतो. त्यास स्वतः उभें राहण्याची ताकद नसते. तथापि इतर वेलींप्रमाणें ही वेल खोडानें विळखा घालीत नाहीं. तिच्या पानाचें टोंकच लांब होऊन दोऱ्यासारखें वळतें आणि बोर, बाभूळ, तुरीचें झाड, तार, जें सांपडेल त्यास धरतें. अशी पानापानानें धरीत धरीत ती पुरुषभर उंच जाते. श्रावणांत फुलें येऊं लागतात. फूल खालीं मान घालून लोंबतें, पण त्याच्या सहाहि पाकळ्या उलट वळून वर उभ्या राहतात. त्या अरुंद असून त्यांच्या कडांस चुण्या असतात. उमलतांना त्या हिरवट, मग पिंवळ्या, मग टोंकाकडून तांबड्या आणि शेवटीं अगदीं लालभडक होतात. एकाच वेलीवर हे सर्व रंग एकाच वेळीं दिसत असल्यामुळें कुंपणास ठिकठिकाणीं आग लागल्याचा भास होतो. संस्कृतांत तिला अग्निशिखा म्हणतात तें उगीच नव्हे. लिनियस या स्वीडिश पंडितानें १७५३ सालीं तिचें नांव ग्लोरिओसा सुपर्बा असें ठेविलें. त्यांतील पहिल्या शब्दाचा अर्थ वैभवशाली व दुसऱ्याचा दिमाखदार. एकाच गोष्टीस दोन-दोन विशेषणें लावण्याची चाल आम्हीं सरकारी कागदांत जन्मभर पाहिली आहे. दोन्ही विशेषणें खरीं असल्याचें मात्र येथेंच प्रथम पाहिलें.

ही वेल बाहेरून आलेली नाहीं. आफ्रिकेपासून हिंदुस्थान व ब्रह्मदेशापर्यंतच्या उष्ण मुलखांत ती मूळचीच आहे. झिंबाब्वे देशाचें तें राष्ट्रीय फूल आहे, आणि आपल्या तामिळनाडूनें त्यास राज्यफुलाचा मान दिला आहे. आमच्या भागांत तिचें घर म्हणजे माळ, नाल्याची कड, शेताचा धुरा आणि झुडपी जंगल.

झुडपी जंगल हा शब्द आमच्या जिल्ह्याबाहेरील वाचकांस कदाचित् नवा वाटेल. जुन्या मध्यप्रांतांतील जी पडीत, मुरमाड, काट्याकुट्यांची जमीन गुरांच्या चराईसाठीं व गांवच्या निस्तारासाठीं राखली होती, तिला कागदोपत्रीं हें नांव आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या सहा जिल्ह्यांत ही जमीन आहे. ती वन मानावी कीं महसुलाची मानावी हा वाद वर्षानुवर्षें चालला, आणि अखेर २२ मे २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती वन म्हणूनच धरावी असा निकाल दिला. आम्ही महसूल खात्यांत कारकून होतों. ‘झुडपी जंगल’ हे दोन शब्द आम्हीं आमच्या हातानें शेंकडों वेळां लिहिले असतील. परंतु त्या झुडपांत उगवतें काय, हें पाहण्यास आम्ही एकदांहि गेलों नाहीं. आर्वीकडील गवळाऊ गुरें ज्या गवतावर पोसलीं त्या गवताचें नांवहि आम्हांस सांगतां आलें नसतें. खातें, क्षेत्र, आकार, पोटखराबा, इतकी जमिनीची ओळख आम्हांस पुरेशी वाटत असे. सेवानिवृत्त झाल्यावर सकाळीं चालण्याची संवय लागली, तेव्हां कोठें डोळे उघडले.

त्या चालण्यांत असें आढळलें कीं, ज्या ठिकाणीं लहानपणीं कळलावी पाहिल्याचें आम्हांस स्मरतें, त्यांपैकीं बहुतेक ठिकाणीं ती आतां नाहीं. याचीं कारणें शोधण्यास विद्वान नको. वडिलांच्या वेळीं जो धुरा तीन हात रुंद होता त्यावरून आतां ट्रॅक्टरचें चाक फिरतें, व दोन खातेदारांमध्यें वीतभर माती काय ती उरते. तीवरहि सोयाबीनच्या फवाऱ्याबरोबर तणनाशकाची एक फेरी मारण्याची रीत पडली आहे. धुरा स्वच्छ दिसला म्हणजे शेतकरी मेहनती, असा एक नवा समज झाला आहे. जुन्या लोकांस धुऱ्यावर गुरांपुरतें गवत नसलें तर लाज वाटत असे. त्यांत पुन्हा कंद खणून विकणारे येतात व जी वेल दिसेल ती मुळासकट नेतात. २०२१ सालापासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी आपलें पीक आपणच मोबाइलवर नोंदवूं लागला. त्यांत बांधावरचीं झाडें नोंदविण्याची सोय आहे, हें चांगलेंच. परंतु वेलीस व गवतास रकाना जुन्या नमुना बारांतहि नव्हता व या नव्या यंत्रांतहि नाहीं. ज्यास रकाना नाहीं तें गेलें तरी कोणाच्या लक्षांत येत नाहीं, हें आम्ही कारकुनीच्या अनुभवानें सांगतों.

आमच्याकडील वेलीचें बीं कोठून आलें हें सांगणें येथें प्राप्त आहे. पुलगांवहून आर्वीस जाणारी अरुंद रुळांची गाडी, जिला लोक शकुंतला म्हणत, ती आमच्या गांवावरून जात असे. ती बंद पडून बरींच वर्षें झालीं. त्या रुळांच्या भरावास कोणी नांगर लावीत नाहीं, फवाराहि मारीत नाहीं. तेथें बोरी-बाभळींच्या आधारानें दोन वेली टिकून होत्या. त्यांच्या वाळलेल्या बोंडांतून गळालेल्या मूठभर बिया आम्हीं वेंचून आणल्या. कंदास हात लावला नाहीं.

आतां गुणाकडे वळूं. आमच्या जिल्ह्यांत सरासरी पाऊस हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, पण तो बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पुढें आठ महिने आकाश कोरडें, आणि मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या पलीकडे. अशा ठिकाणीं बाग करावयाची म्हणजे शहरांतील लोक हिरवळ लावतात, गुलाब लावतात, आणि विहिरीचें वा बोअरचें पाणी रोज सोडतात. आमचे एक आप्त वर्धेस बंगला बांधून राहतात. एप्रिलांत त्यांच्या घरीं पिण्याचें पाणी टँकरनें येतें व हिरवळीस बोअरचें पाणी सुटतें. अशा बागेस आम्ही बाग म्हणण्यापेक्षां हट्ट म्हणूं.

कळलावीची रीत निराळी आहे. ती उन्हाळ्याशीं झगडतच नाहीं. दिवाळीच्या पुढेंमागें तिचें पान पिंवळें पडतें, वेल वाळून काडी होते, आणि सर्व जीव जमिनीखालील कंदांत जाऊन निजतो. मग वर पाणी असो वा नसो, ऊन ४५ असो वा ४७, तिला त्याचें कांहीं नाहीं. मृगाची हांक आली कीं ती उठते. हा कंद मोठा पाहण्यासारखा असतो. त्यास दोन फांटे असून ते कोनांत जोडलेले असतात, आणि एकंदर आकार नांगरासारखा दिसतो. यावरून संस्कृतांत तिला लांगली व हलिनी अशीं नांवें आहेत. नांगर ओळखणाऱ्या लोकांनींच तीं ठेविलीं असलीं पाहिजेत. दरवर्षीं जुना कंद चिपाडासारखा होऊन जातो व त्याच्या जागीं नवा तयार होतो. प्रत्येक फांट्याच्या टोंकाशीं एकच डोळा असतो. तो मोडला कीं तो फांटा फुकट गेला.

पावसाळ्याच्या मध्येंच ओढ बसली तर काय, असा प्रश्न शेतकरी विचारणारच. २०२३ सालचा ऑगस्ट वाचकांच्या स्मरणांत असेल. सबंध देशांत १९०१ पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट झालेला नाहीं. आमच्या सोयाबीननें दुपारीं माना टाकल्या, परसांतील झेंडू करपला. कळलावीस आम्हीं मुद्दाम एक तांब्याहि घातला नाहीं. तिचीं फुलें नेहमींपेक्षां थोडीं लहान आलीं, इतकाच काय तो फरक. त्याच्या उलट, ज्या वर्षीं पाऊस हटत नाहीं त्या वर्षीं तिची खरी परीक्षा असते. काळ्या चोपण जमिनींत पाणी सांचलें म्हणजे कंद सडतो. आमचे पहिले पांच कंद असेच गेले. कपाशीच्या वावरांतील उत्तम काळी माती टोपलीनें आणून आम्हीं त्यांस घातली होती! रानांतल्या गरिबास पंचपक्वान्नें घालून आजारी पाडावें, तसा तो प्रकार झाला.

इतकें झाल्यावर भांडणाच्या आरोपाचा विचार करूं. कारण वेल उपटली जाते ती याच आरोपावरून.

आमच्या घराण्यांतच याचा पुरावा आहे, व तो सांगण्यास आम्हांस संकोच वाटतो, तरी सांगतों. वडील २००९ सालीं निवर्तले आणि आम्हां दोघां भावांत वाटणी झाली. दोन हिश्शांच्या मध्यें जो धुरा पडला त्यावर एका बोरीच्या आधारानें कळलावीची मोठी वेल होती. वाटणीच्या दुसऱ्याच वर्षीं धुरा कोणी किती कोरला यावरून आमच्यांत कुरबूर सुरू झाली, ती वाढत वाढत बोलणें बंद होण्यापर्यंत गेली. नात्यांतील एका वडीलधाऱ्या बाईंनीं निदान केलें कीं, धुऱ्यावर कळलावी आहे, दोघांचें पटेल कसें? दोन्ही घरांस तें निदान फार सोईचें वाटलें, कारण त्यांत दोघांपैकीं कोणाचीच चूक निघत नव्हती. वेल खणून काढून नाल्यांत टाकण्यांत आली. भांडण मात्र त्यानंतर सहा वर्षें चाललें. तें मिटलें तें भूमि-अभिलेख खात्याची मोजणी होऊन हद्दीचे दगड बसले तेव्हां, आणि मोजणींत असें निघालें कीं, धुरा दोन्ही बाजूंनीं कोरला गेला होता. आमच्या बाजूनें थोडा अधिकच. ज्या वेलीच्या माथीं आम्हीं खापर फोडलें ती बिचारी त्यापूर्वींच सहा वर्षें जगांत नव्हती.

नोकरींतहि आम्हीं वाटणीचे, वहिवाटीचे, शेतरस्त्याचे व धुऱ्याचे असंख्य अर्ज पाहिले. त्यांत दारूमुळें झालेलीं भांडणें होतीं, कर्जामुळें झालेलीं होतीं, बहिणीच्या हिश्शावरून झालेलीं तर फारच होतीं. फुलामुळें झालेलें एकहि नव्हतें.

मग हें नांव पडलें कसें? कळ लावणें म्हणजे भांडण लावणें, हा अर्थ आपण नारदाच्या गोष्टींवरून घेतों. परंतु कळ म्हणजे वेदना हाहि अर्थ आहे, आणि बाळंतपणाच्या वेदनांस आपण कळाच म्हणतों. या कंदास वैद्यकांत गर्भपातिनी असेंहि नांव आहे, व अडलेल्या बाईस कळा याव्या म्हणून त्याचा लेप लावण्याची चाल पूर्वीं होती. तेव्हां कळा आणणारी ती कळलावी, हाच अर्थ मूळचा असावा, आणि भांडणाचा अर्थ मागाहून कोणीतरी चिकटविला असावा, असें आमचें मत आहे. हा लेप आज कोणी लावूं नये. दवाखाना जवळ आहे. नांवाचा उलगडा व्हावा एवढ्यासाठींच तें सांगितलें. दुसरें असें कीं, कोंकणांत याच फुलांस गौरीचे हात म्हणतात व भाद्रपदांत गौरीच्या पूजेंत तीं मानानें ठेवतात. एकाच महाराष्ट्रांत एकीकडे जें फूल देवीचे हात होतें तें दुसरीकडे घर फोडणारें कसें होईल, याचा विचार आमच्या वऱ्हाड-नागपूरकडील सासवांनीं करावा.

येथपर्यंत आम्ही वेलीचे वकील होतों. आतां तिच्या विरुद्ध साक्ष देतों, व ती अधिक लक्षपूर्वक ऐकावी. कळलावी विषारी आहे. तिचा कंद सर्वांत अधिक, बिया तशाच, आणि पान-फूलहि निर्दोष नाहीं. आयुर्वेदांत तिची गणना उपविषांत केलेली आहे, व शुद्धीवांचून तिचा उपयोग करीत नाहींत. तिच्यांतील विषास कोल्चिसिन म्हणतात. कंद पोटांत गेला तर लगेच कांहीं होत नाहीं, आणि हाच घात आहे. माणूस निर्धास्त राहतो. कांहीं तासांनीं तोंडाची व घशाची आग, उलट्या आणि जुलाब सुरू होतात, पुढें रक्त तयार होण्याची क्रियाच मंदावते, आणि जो वांचतो त्याचेहि केस गळतात. सामान्य दवाखान्यांत यावर नेमका उतारा मिळत नाहीं. लक्षणें पाहून उपचार करावे लागतात. श्रीलंकेंत रताळें समजून हा कंद खाल्ल्याचीं उदाहरणें डॉक्टरांनीं नमूद करून ठेविलीं आहेत.

श्रीलंकेस जाण्याचें कारण नाहीं. दोन वर्षांपूर्वीं माघांत आम्हीं कंद विभागण्यासाठीं खणून काढले, स्वच्छ धुतले आणि टोपलींत घालून पडवींत ठेवले. दुसऱ्या दिवशीं महाशिवरात्र होती. बाजारांतून आणलेलीं रताळीं शेजारच्याच टोपलींत होतीं. पहाटे दिवे गेलेले होते. सुनेनें अंधारांत एक टोपली उचलली, आंतील कंद पातेल्यांत घालून गॅसवर चढविले. आमच्या घरच्या मंडळींनीं देवघरांतून येतां येतां सहज पातेल्यांत पाहिलें व विचारलें, “हीं रताळीं अशीं वांकडीं कां ग?” त्या एका प्रश्नानें सात माणसें वांचलीं, त्यांत आमचा तीन वर्षांचा नातू होता. चूक सर्वस्वीं आमची. कळलावीवरून आमच्या घरांत भांडण झालें तें त्याच दिवशीं, आणि तें होणें योग्यच होतें.

आमचें म्हणणें असें कीं, आपण या वेलीस भितों खरे, पण भलत्याच कारणासाठीं भितों. भांडणाच्या भयानें तिला उपटून उकिरड्यावर टाकतों, जेथें पोरें व गुरें फिरतात. आणि विषाचें भय कोणी मुलांस सांगत नाहीं. त्या सासूबाईंनीं रोप उपटलें याबद्दल आमची तक्रार नाहीं. त्यांच्या घरांत रांगतें मूल असल्यास त्यांनीं उपटलें तेंच बरें केलें. त्यांनीं तें उकिरड्यावर उघडें टाकलें व कारण खोटें सांगितलें, एवढीच आमची तक्रार आहे.

या विषाचा दुसराहि इतिहास आहे आणि तो कपाशीवाल्यांनीं ऐकण्यासारखा आहे. कोल्चिसिन प्रथम १८२० सालीं फ्रान्समध्यें सुरंजान या वनस्पतींतून वेगळें काढण्यांत आलें. सुरंजान ही कळलावीच्याच कुळांतील, व सांध्यांच्या दुखण्यावर तिचें औषध प्राचीन काळापासून चालत आलें आहे. १९३७ सालीं ब्लेकस्ली व एव्हरी या अमेरिकन संशोधकांनीं दाखविलें कीं, या द्रव्यानें वनस्पतीच्या पेशींतील गुणसूत्रांची संख्या दुप्पट करतां येते. त्यापूर्वीं दोन दूरच्या जातींचा संकर केला तर तो बहुधा वांझ निघे. १९४० सालीं बीझली यांनीं आशियाई कपाशी व अमेरिकेंतील रानटी कपाशी यांच्या अशाच वांझ संकरास कोल्चिसिन देऊन त्यास फळतें केलें, आणि अमेरिकन कपाशी ही पुरातन काळीं अशाच दोन जातींच्या मिलनांतून झाली असली पाहिजे यास बळकट पुरावा मिळाला. आज आपण वावरांत पेरतों ती बीटी कपाशी बहुतेक सर्व याच अमेरिकन जातीची आहे. म्हणजे आपल्या पिकाची कुळकथा ज्या द्रव्यानें उलगडली तें आपल्या धुऱ्यावर उगवत होतें व आपण त्यावर तणनाशक मारीत होतों.

यावरूनच कोणी व्यापारी येऊन सांगेल कीं, कळलावी लावा, बियांस परदेशीं मागणी आहे, एकरीं अमुक लाख मिळतील. मागणी आहे हें खरें. तामिळनाडूंत दिंडिगल, करूर वगैरे भागांत तिची शेतें आहेत व बिया औषधी कारखान्यांस जातात. परंतु तेथें रोज सकाळीं मजुरांकडून एकेका फुलास हातानें पराग लावावे लागतात, वेलींस मांडव लागतो, कंदाचा सुरुवातीचा खर्च जबर असतो, आणि बियांस हमीभाव नसल्यामुळें भाव व्यापारी ठरवील तो. शिवाय तें पीक विषाचें, आणि आमच्या भारी काळ्या जमिनींत कंद सडण्याची भीति कायमची. ज्यांस प्रयोगच करावयाचा असेल त्यांनीं लेखी करार व खरेदीदाराची चौकशी केल्याशिवाय एक कंदहि विकत घेऊं नये. आमच्या मतें ही वेल धुऱ्यावर शोभेची, वावरांत नव्हे.

लावण्याची रीत थोडक्यांत देतों. परसाच्या अगदीं कडेची, उताराची, उन्हाची जागा पाहावी. तेथें निम्मा मुरूम व निम्मी साधी माती घालून वीतभर उंच वाफा करावा. कंद मिळाला तर मे महिन्याच्या अखेरीस, डोळा न मोडतां, दोन-तीन इंच खोल आडवा ठेवावा. हातमोजे घालावे व नंतर हात साबणानें धुवावे. बियांपासून करावयाचें तर पावसाच्या सुरुवातीस पेराव्या आणि धीर धरावा. त्यांतील पुष्कळ उशिरां उगवतात, पहिल्या वर्षीं गवताच्या पात्याएवढें कांहींतरी दिसतें, आणि फूल यावयास आमच्याकडे तिसरा पावसाळा लागला. खत म्हणून जुन्या शेणखताची एक ओंजळ पुरे. पाणी घालूं नये. वेल वाळल्यावर जागा विसरली जाते आणि कुदळीनें कंद फुटतो, म्हणून हद्दीच्या खुणेसारखा एक दगड रोवून ठेवावा. ही आमच्या जुन्या धंद्याची संवय येथें उपयोगी पडली. रताळीं, सुरण, हळद यांच्या जवळपास ती कदापि लावूं नये, व खणलेला कंद घरांत आणूं नये. गोठ्याच्या बाजूस नको. रांगतें किंवा नुकतें चालूं लागलेलें मूल घरांत असेल तर पांच-सात वर्षें थांबावें. वेल कोठें जात नाहीं. मोठ्या मुलांस मात्र ती हात धरून दाखवावी व विष म्हणजे काय तें स्पष्ट सांगावें. कोणाच्या पोटांत चुकून गेलाच, तर लक्षणांची वाट न पाहतां, कंदाचा तुकडा सोबत घेऊन, तडक जिल्ह्याच्या रुग्णालयांत न्यावें.

झुडपी जंगलांतून कंद खणून आणूं नये हें सांगणें आतां आवश्यक आहे. ती जमीन वन ठरली असल्यामुळें तसें करणें गुन्हा होईल. आपल्या स्वतःच्या धुऱ्यावर जर एखादी वेल उरली असेल तर तिच्याभोवतीं दोन हात जागा नांगर व फवारा यांपासून राखावी. एवढें झालें तरी परसांत लावण्यापेक्षां तें अधिक.

आम्हीं मागील पावसाळ्यांत चार लहान कंद नेऊन आमच्या व भावाच्या शेतामधील त्या धुऱ्यावर, हद्दीच्या दगडाशेजारीं पुरले. पुरण्यापूर्वीं भावास विचारलें. तो म्हणाला, “तुया बाजूनं पुर, वेल माया बाजूनं आली तं मी तोडणार नाई.” यंदा चारांपैकीं तीन उगवल्या, व त्यांतील दोघींनीं त्याच्या तुरीस धरलें आहे.

ज्या वाचकांस बिया हव्या असतील त्यांनीं दिवाळीनंतर रोहणा येथें समक्ष यावें, किंमत नाहीं. टपालानें आम्ही पाठविणार नाहीं, कारण पाकीट कोणाच्या हातीं फुटेल याचा नेम नसतो. येतांना घरांत लहान मूल आहे कीं काय तें आम्ही विचारूं, त्याचा राग मानूं नये.